गर्भपातानंतरची निवड : कोणाची आणि कोणत्या अटींवर?

संसदेने १९७१ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संमत केला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. महाराष्ट्राचे त्या काळचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६ साली जो अहवाल सादर केला, त्याचा हा कायदा म्हणजे परिपाक होय. या कायद्यातील एक स्पष्टीकरण मोठे अर्थपूर्ण आहे. विवाहित स्त्रीने अथवा तिच्या पतीने वापरलेले संततिनियमनाचे साधन निकामी ठरून गर्भ राहिला, तर त्यापासून होणारा मनस्ताप हा तिच्या मानसिक आरोग्याला गंभीर इजा पोचविणारा आहे असे मानता येईल, असे ते सांगते. २०२१ च्या दुरुस्तीने ‘विवाहित स्त्री’ आणि ‘पती’ या शब्दांच्या जागी ‘स्त्री’ आणि ‘जोडीदार’ हे शब्द आले. साधने फसतात आणि त्याचा भुर्दंड स्त्रीला भरावा लागतो, ही गोष्ट आपल्या राज्यसंस्थेने अर्धशतकापूर्वीच मान्य केली आहे. परंतु गर्भपात झाल्यावर ती स्त्री कोणते साधन घेऊन घरी जाते, आणि ते ती स्वतः निवडते की तिच्यासाठी दुसरेच कोणी निवडते, या प्रश्नाचा विचार मात्र आपण फारसा केलेला नाही.

हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नव्हे. अर्थशास्त्राच्या वर्गात ‘प्रकट पसंती’ नावाची एक कल्पना आम्ही शिकवितो. माणसाच्या मनात काय आहे ते आपणास दिसत नाही. त्याने प्रत्यक्षात काय घेतले ते दिसते. तेव्हा त्याने जे घेतले तेच त्याला हवे होते असे समजावे, असा या कल्पनेचा ढोबळ आशय. दुकानात साखर आणि गूळ दोन्ही असतील, दोहोंचे भाव माहीत असतील आणि घेणाऱ्याच्या खिशात पैसे असतील, तर हे गृहीत धरण्यास हरकत नाही. परंतु दुकानात एकच वस्तू असेल, आणि ती घेतल्याशिवाय दुकानदार बाहेरच पडू देणार नसेल, तर त्या खरेदीला पसंती म्हणणे ही त्या शब्दाची विटंबना होय. गर्भपातानंतरच्या संततिनियमनाची सरकारी नोंदवही वाचताना हा भेद सतत ध्यानात ठेवावयास हवा.

दोन आठवड्यांची मुदत

प्रथम वैद्यकीय वस्तुस्थिती पाहू. पहिल्या तीन महिन्यांत गर्भपात झाला, तर त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत, आणि कित्येक स्त्रियांच्या बाबतीत त्याहूनही लवकर, बीजकोशातून पुन्हा स्त्रीबीज बाहेर पडू शकते. म्हणजे पुढची पाळी येण्यापूर्वीच पुन्हा गर्भ राहण्याचा संभव असतो. ‘पाळी आल्यावर बघू’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे. गर्भपात आणि पुढील गर्भधारणा यांत किमान सहा महिन्यांचे अंतर असावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

सुदैवाने यासाठी थांबण्याची गरज नसते. पिशवी साफ करून गर्भपात झाला असेल आणि जंतुसंसर्ग नसेल, तर तांबी त्याच वेळी बसविता येते. गोळ्यांनी गर्भपात केला असेल, तर तो पूर्ण झाल्याची खात्री झाल्यावर ती बसविता येते. रोजच्या गोळ्या किंवा तीन महिन्यांचे इंजेक्शन यांची सुरुवात तर त्याच दिवशी करता येते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधून काढलेली आणि आता ‘छाया’ या नावाने सरकारी केंद्रांतून मोफत मिळणारी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व नंतर एकदा घ्यावयाची बिगरसंप्रेरक गोळीही उपलब्ध आहे. ‘अंतरा’ हे इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळी यांचा राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश होऊन आता कित्येक वर्षे झाली. कागदावर पाहिले तर स्त्रीसमोर पर्यायांची वाण नाही.

मग प्रत्यक्षात काय दिसते? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतली होती. तांबी वापरणाऱ्या सुमारे २ टक्के, गोळ्या घेणाऱ्या ५ टक्के आणि इंजेक्शन घेणाऱ्या १ टक्क्याहूनही कमी. महाराष्ट्रात तर शस्त्रक्रिया झालेल्यांचे प्रमाण निम्म्याच्या घरात जाते. याचा अर्थ असा की, आपल्याकडील संततिनियमन म्हणजे प्रामुख्याने पंचविशीच्या आसपास एकदाच केले जाणारे ‘ऑपरेशन’ होय. त्यापूर्वीची वर्षे, ज्या वर्षांत नको असलेला गर्भ राहण्याचा आणि तो काढून टाकावा लागण्याचा संभव सर्वाधिक असतो, ती बहुतांशी साधनाविना किंवा भरवशाच्या साधनाविना जातात.

रकाना आणि अट

ही स्थिती आपोआप निर्माण झाली नाही. भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला तो लोकसंख्येच्या चिंतेपोटी. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एकाच वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांच्या होत्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत करण्यापर्यंत मजल मारली ती आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही, एवढेच. १९७७ च्या निवडणुकीत मतदारांनी या जुलमाचा हिशेब चुकता केला. त्यातून राज्यकर्त्यांनी जो धडा घेतला तो मात्र चमत्कारिक होता. सक्ती वाईट, असा धडा घेण्याऐवजी पुरुषांच्या वाटेस जाऊ नये, असा त्यांनी घेतला. कार्यक्रमाचा सारा भार स्त्रीवर सरकला, आणि तेथेच तो आजतागायत आहे.

शस्त्रक्रियांची उद्दिष्टे ठरवून देण्याची पद्धत १९९६ साली अधिकृतपणे रद्द करण्यात आली. परंतु कचेरीतील सवयी आदेशाने जात नाहीत, हे सरकारी नोकरीचा अनुभव असलेल्या वाचकांना सांगावयास नको. गर्भपात कायद्याखालील २००३ च्या नियमावलीतील मासिक विवरणपत्र पाहावे. किती गर्भपात झाले याबरोबरच, किती जणींनी त्यासोबत शस्त्रक्रिया वा तांबी ‘स्वीकारली’, याचाही रकाना त्यात आहे. रकाना निरुपद्रवी दिसतो. पण जेथे रकाना असतो तेथे तो भरला जावा अशी वरिष्ठांची अपेक्षा असते. जेथे अपेक्षा असते तेथे कमी आकड्यांबद्दल विचारणा होते. आणि विचारणेच्या धाकाने, जी गोष्ट देऊ करावयाची ती हळूहळू अट बनते. ‘तांबी बसवून घेणार असलीस तरच करू’ किंवा ‘दोन मुले आहेत ना, मग ऑपरेशनही उरकून टाक’, हे उद्गार ज्या स्त्रियांनी ऐकले नाहीत त्या भाग्यवान.

कायद्यात अशी अट कोठेही नाही. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत गर्भपातासाठी केवळ तिची संमती पुरेशी आहे. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. कायद्याबाहेरच्या अशा अटी लादू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयानेही २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात स्पष्ट केले आहे. तरीही अट घातली जाते, आणि तिचा परिणाम नेमका उलटा होतो. ज्या स्त्रीला शस्त्रक्रिया नको आहे, किंवा घरी विचारल्याशिवाय तांबी बसवून घेण्याची जिची छाती नाही, ती सरकारी रुग्णालयाचा मोफत दरवाजा टाळते. उसनेपासने करून खाजगी दवाखाना गाठते, नाहीतर त्याहूनही स्वस्त आणि धोक्याची वाट धरते. सुरक्षित सेवेवर चढविलेला हा एक अदृश्य करच म्हणावयाचा, आणि तो भरावा लागतो सर्वांत गरीब स्त्रीला.

औषधाच्या दुकानातील पोकळी

सक्तीचा हा प्रश्न झाला रुग्णालयाचा. परंतु देशातील बहुसंख्य गर्भपात आता रुग्णालयात होतच नाहीत. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०१८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यांतील ७३ टक्के रुग्णालयाबाहेर, औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी झाले. सरकारी रुग्णालयांचा वाटा अवघा ६ टक्क्यांच्या आसपास होता.

या गोळ्यांनी असंख्य स्त्रियांचे प्राण वाचविले आहेत, हे प्रथमच नमूद करावयास हवे. काड्या, काढे आणि वैदू यांच्या जागी त्या आल्या हे इष्टच झाले. परंतु गोळी बहुधा दुकानातून आणतो तो नवरा, दीर किंवा मित्र. ज्या स्त्रीला ती घ्यावयाची असते ती घरात असते. दुकानदार पाकीट कागदात गुंडाळून देतो आणि व्यवहार संपतो. दोन आठवड्यांत पुन्हा गर्भ राहू शकतो हे सांगणारा कोणी तेथे नसतो. कोणते साधन केव्हा सुरू करावे हे विचारण्याचीही सोय नसते. महाराष्ट्रात तर स्त्रीभ्रूणहत्येविरुद्धच्या मोहिमेनंतर तपासणीच्या कटकटीला कंटाळून अनेक दुकानदारांनी या गोळ्या ठेवणेच सोडून दिले; त्यामुळे उरलेला व्यवहार अधिकच चोरटा झाला. वस्तुतः गर्भलिंगनिदान होते ते या गोळ्या घेण्याची मुदत उलटून गेल्यानंतर. पण भीतीला असले तपशील कळत नाहीत.

म्हणजे एकीकडे सक्ती आणि दुसरीकडे पोकळी. रुग्णालयात गेली तर साधन गळ्यात पडते, दुकानातून गोळी आणविली तर साधनाचा उल्लेखही होत नाही. या दोहोंच्या मध्ये, शांतपणे माहिती देऊन निर्णय तिच्यावर सोपविणारी जी जागा असावयास हवी, ती फार थोड्या स्त्रियांच्या वाट्याला येते.

अज्ञान नव्हे, हिशेब

याबद्दल बोलताना सुशिक्षित माणसे ‘अज्ञान’ हा शब्द सहज वापरतात. बायकांना कळत नाही, म्हणून त्या तांबीला घाबरतात. त्यांचे प्रबोधन केले की प्रश्न सुटेल, असा हा युक्तिवाद. मला तो मान्य नाही. स्त्रीच्या नकारामागे बहुतेक वेळा एक हिशेब असतो, आणि तो आपल्या हिशेबापेक्षा अधिक व्यवहारी असतो.

तांबीमुळे काही स्त्रियांना पाळीच्या वेळी जास्त रक्तस्राव होतो; इंजेक्शनाने अधूनमधून अंगावरून जाते, किंवा पाळी येतच नाही. वैद्यकीय दृष्ट्या हे बहुधा चिंतेचे नसते. परंतु जिचे पोट रोजंदारीवर आहे, जेथे ती काम करते तेथे मोरी नाही आणि आडोसाही नाही, तिला चार दिवसांऐवजी आठ दिवस अंगावरून जाणे म्हणजे मजुरी बुडणे. अर्थशास्त्रात याला संधी-खर्च म्हणतात : एक गोष्ट पदरात पाडताना दुसरी जी हातची जाते तिची किंमत. ऊसतोडीच्या कामात नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि एक दिवसाचा खाडा झाला तरी मुकादम पैसे कापतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांनी गर्भाशये काढून घेतल्याचा प्रश्न २०१९ साली चव्हाट्यावर आला, तेव्हा पाळी आणि मजुरी यांचे हे क्रूर गणित साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. ज्या घरात आजही पाळीच्या दिवसांत ‘बाजूला बसावे’ लागते, तेथे रक्तस्राव लांबणे म्हणजे स्वयंपाकघर, देवघर आणि सासूचा रोष या सर्वांशी गाठ. आणि पाळी न येणे म्हणजे पुन्हा दिवस गेले की काय, ही धास्ती. नुकताच गर्भपात झालेल्या बाईला ती किती पोखरत असेल याची कल्पना करावी.

याखेरीज इतरही घटक असतात. गोळ्यांचे पाकीट घरात लपविणे कठीण. इंजेक्शन कोणाला दिसत नाही. नवरा कामासाठी मुंबईला वा सुरतेला असेल आणि सणासुदीला चार दिवस येत असेल, तर वर्षभर रोज गोळी घेण्यात तिला अर्थ दिसत नाही. पहिले मूल अजून व्हावयाचे असेल, तर ‘पुढे राहणारच नाही’ या भीतीने ती कोणत्याही साधनाला बिचकते. दोन मुली असतील, तर शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्याची मुभा तिला घरातून मिळत नाही. तांबी काढून घ्यावीशी वाटली, तर ती काढून देण्यास नर्सबाई टाळाटाळ करतील अशी आळीत वदंता असते, आणि कित्येकदा ती खरीही असते. जे साधन आपल्या इच्छेने सोडता येत नाही, ते घेताना माणूस दहादा विचार करील, हे कोणाही शहाण्या गिऱ्हाइकाला पटावे.

पुरुष कोठे आहे?

या साऱ्या विवेचनात पुरुष जवळजवळ गैरहजर आहे, आणि ती चूक विवेचनाची नव्हे. त्याच पाचव्या पाहणीत पुरुष नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के आढळले. संततिनियमन ही बायकांची बाब आहे, पुरुषाने तिची चिंता करण्याचे कारण नाही, असे सुमारे ३५ टक्के पुरुषांनी सांगितले. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी असते, पोट उघडावे लागत नाही आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो; तरी ‘अशक्तपणा येतो’ या समजुतीपुढे सारे शास्त्र हात टेकते. गंमत अशी की, हीच समजूत स्त्रीने आपल्याबद्दल बोलून दाखविली की तिला अज्ञान म्हणतात. गर्भपातानंतरच्या समुपदेशनात नवऱ्याला बोलवावे, पण बायकोने हो म्हटले तरच. काही घरांत नवऱ्याला कळणे हेच तिच्या दृष्टीने संकट असते.

अविवाहित मुलींची तर आपल्या यंत्रणेत नोंदच नाही. आरोग्य केंद्रातील नोंदवही ‘जननक्षम जोडप्यां’ची असते, जिचे जोडपे नाही ती त्या वहीत कोठे बसणार? कायद्याने २०२१ साली ‘जोडीदार’ हा शब्द स्वीकारला, परंतु खिडकीपलीकडून येणारा ‘लग्न झाले आहे का?’ हा प्रश्न काही थांबला नाही. परिणामी महाविद्यालयीन मुलीच्या हाती उरते ती बहात्तर तासांची गोळी. अडीअडचणीची ही वाट तिला नेहमीची वाट करावी लागते.

एका प्रामाणिक आक्षेपाचे उत्तर

सरकारी रुग्णालयात वर्षानुवर्षे राबणाऱ्या डॉक्टरांचा एक आक्षेप असतो, आणि तो उडवून लावता येणार नाही. ते म्हणतात, ‘आग्रह धरला नाही तर हीच बाई सहा महिन्यांनी पुन्हा येईल. तिची प्रकृती आधीच खालावलेली, रक्त कमी. तेव्हा आमचा आग्रह तिच्या हितासाठीच आहे.’ यातील कळकळ खरी आहे. गर्भपाताच्या वेळी साधन देऊ केले, तर पुष्कळ स्त्रिया ते आनंदाने घेतात, हेही खरे. परंतु देऊ करणे आणि अट घालणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दडपणाखाली बसविलेली तांबी दोन महिन्यांत खाजगी दवाखान्यात काढून घेतली जाते आणि बाई पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढत नाही. नोंदवहीत एक ‘स्वीकार’ वाढतो, संरक्षण मात्र वाढत नाही. सक्तीने आकडे वाढतात आणि विश्वास घटतो, हा १९७६ चा धडा. १३ स्त्रियांचे बळी घेणारे बिलासपूरचे शस्त्रक्रिया शिबिर २०१४ सालचे. आणि शिबिरांची ही प्रथा तीन वर्षांत बंद करा असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले ते २०१६ साली. तोच धडा आपण पुनःपुन्हा, दर वेळी अधिक किंमत मोजून शिकत आहोत.

यासाठी फार मोठ्या खर्चाची योजना नको आहे. गर्भपाताची सेवा आणि साधनाचा स्वीकार यांची कागदोपत्री फारकत करावी. किती जणींनी तांबी घेतली यापेक्षा किती जणींना सर्व साधनांची माहिती मिळाली आणि किती जणी सहा महिन्यांनी आपल्या निवडीवर समाधानी होत्या, याचा रकाना ठेवावा. गर्भपाताच्या केंद्रात निरोध, गोळ्या, छाया, अंतरा आणि तांबी ही पाचही साधने एकाच वेळी शिल्लक असली पाहिजेत. एखादे संपले असेल तर तेथे निवड उरली नाही असे समजावे. ज्या दिवशी स्त्री सांगेल त्या दिवशी तांबी काढून मिळेल, अशी पाटी मराठीत लावावी. गर्भपाताच्या गोळ्यांच्या प्रत्येक पाकिटात दोन आठवड्यांच्या मुदतीची आणि साधनांची माहिती सोप्या मराठीत व चित्रांसह घालणे बंधनकारक करावे. आशाताईंना मिळणारे मानधन एखाद्या विशिष्ट साधनाच्या स्वीकाराशी न बांधता स्त्रीची पुन्हा भेट घेऊन विचारपूस करण्याशी बांधावे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे काम सुरू केले, आणि पुढे नोकरी व प्रतिष्ठा गमावूनही ते सोडले नाही. डॉ. आंबेडकरांच्या पक्षातर्फे १९३८ साली मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसारासाठी मांडलेला ठराव सभागृहाने फेटाळला. त्या दोघांच्याही विचारांत बाळंतपणाने खंगणारी स्त्री होती, आणि नको असलेले मूल नाकारण्याचा तिचा हक्क होता. स्वातंत्र्यानंतर राज्यसंस्थेने त्यांची साधने स्वीकारली. तो हक्क मात्र तिने नोंदवहीच्या एका रकान्यात कोंडून ठेवला. गर्भपाताच्या टेबलावरून उठणाऱ्या स्त्रीला पाच साधने दाखवून ‘तुला यांतले काय हवे?’ असे विचारणे, आणि ‘आज काहीच नको, विचार करून सांगते’ हे उत्तरही तितक्याच आदराने लिहून घेणे, एवढे ज्या दिवशी आपल्या रुग्णालयांत सर्रास होऊ लागेल, त्या दिवशी त्या नोंदवहीतील आकड्यांना पसंती हा शब्द लावता येईल.